दोरीच्या तीन गाठी: ख्रिस्ती साधू-साध्वींचा वेष वाचायचा कसा

डिसेंबर २०२४. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचे दिवस होते. सावंतवाडीची माझी आत्या खास त्यासाठी आमच्याकडे डिचोलीला येऊन राहिली होती. 'गोंयच्या सायबा'चं दर्शन दहा वर्षांतून एकदाच होतं, पुढच्या खेपेला आपण असू-नसू, असं तिचं म्हणणं. सकाळी लवकर निघूनही से कॅथेड्रलच्या रांगेत दोन तास गेले. आत्याला कंटाळा ठाऊक नाही. ती माणसं बघत बसली.

बघण्यासारखी होतीच. तपकिरी झगा आणि कमरेला दोरी बांधलेला एक तरुण, पायापर्यंत पांढऱ्या कपड्यातले दोघे, करड्या फ्रॉकवर निळसर ओढणीसारखं काही घेतलेल्या चौघी, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतल्या दोघी आणि शेवटी साध्या कॉटनच्या सलवार-कमीजमध्ये, गळ्यात फक्त छोटा क्रूस घातलेली एक. आत्याने मला विचारलं, "अरे, ही सगळी एकाच देवाची ना? मग वारकऱ्यांसारखा एक वेष का नाही? आणि ह्या उन्हात एवढं अंगभर कशाला?"

मला अर्धवटच सांगता आलं. तिसरी पिढी गोव्यात, शेजारी कॅथलिक, शाळेत मादर शिकवायला. तरी मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर विचारत गेलो, वाचत गेलो. आत्याला जे सांगितलं, तेच इथे नीट मांडतो.

आधी कोण कोण ते ओळखू

गावच्या चर्चमध्ये मिसा म्हणणारा पाद्री बिशपच्या हाताखाली काम करतो. तो लग्न करत नाही, पण दारिद्र्याचं व्रत त्याने घेतलेलं नसतं. त्याच्या नावावर घर किंवा पैसा असू शकतो. त्याच्या पायघोळ झग्याला आपल्याकडे कोंकणीत 'लोब' म्हणतात. गोव्याच्या उकाड्यात तो बहुधा पांढरा असतो.

दुसरी मंडळी व्रतस्थ. ही माणसं तीन व्रतं घेतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. व्रतस्थ पुरुषांमध्ये मठ न सोडणारे असतात आणि गावोगाव फिरणारेही. फिरणारे ते फ्रायर, कोंकणीत 'फ्राद'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'भाऊ'. सुरुवातीला हे लोक माधुकरी मागूनच जगत. बायकांमध्येही तसंच: काही जणी आयुष्यभर मठाच्या भिंतीआड प्रार्थनेत राहतात, बाकीच्या शाळा, इस्पितळं, अनाथाश्रम चालवतात. काटेकोर बोलायचं तर 'नन' ही फक्त भिंतीआडची. बाहेर काम करणारी ती सिस्टर, मराठी चर्चच्या भाषेत धर्मभगिनी. आपण दोघींनाही मादर म्हणतो आणि कुणी रागावत नाही.

या व्रतस्थांच्या वेषाला 'हॅबिट' म्हणतात. पोर्तुगीज 'हाबितु'ही तोच शब्द, आणि त्याचा दुसरा अर्थ सवय. मुळातला लॅटिन शब्द माणसाची ठेवण, त्याची स्थिती, त्याचा पेहराव हे सगळं एकत्र सांगणारा आहे. एका शब्दात कपडा आणि वळण दोन्ही, हे मला फार आवडलं.

एक घोटाळा इथेच दूर करतो. मिसेच्या वेळी पाद्री जो जरीकाठी, रंगीत झूल असलेला पोशाख घालतो तो हॅबिट नव्हे. ते आपल्या सोवळ्यासारखं: पूजेपुरतं नेसायचं, पूजा झाली की सोडून ठेवायचं. हॅबिट मात्र रोजचा कपडा. त्यात भांडी घासायची, शाळेत शिकवायचं, बसने जायचं, आणि मेल्यावर पुष्कळदा त्यातच पुरलं जायचं.

हा मुळात गरिबाचा कपडा

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे. हा वेष कुणी बसून, कागदावर आखून तयार केलेला नाही. तो त्या त्या काळातल्या गरीब, कष्टकरी माणसाचा रोजचा कपडा होता.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले. कपड्यांबद्दल त्यात स्पष्ट आहे: रंगाची किंवा जाडेभरडेपणाची तक्रार करू नये, त्या मुलखात जे मिळतं आणि स्वस्तात पडतं ते घालावं. प्रत्येकाला दोन जोड पुरे, कारण एक धुवायला टाकावा लागतो. नवा कपडा मिळाला की जुना परत करायचा, म्हणजे तो गरिबांना देता येतो. थंड मुलखात जाड आणि उष्ण मुलखात हलकं, हेही त्यात आहे. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसाने धुण्याचाही विचार करून ठेवला होता!

पुढे असिसीचा फ्रान्सिस (गोंयचा सायब फ्रान्सिस झेवियर वेगळा). हा कापड-व्यापाऱ्याचा मुलगा, हे विसरता कामा नये. उंची वस्त्रं त्याच्या दुकानातली. १२०६ मध्ये असिसीच्या बिशपसमोर त्याने अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हवाली केले. बिशपने आपल्या झग्याने त्याला झाकलं. नंतर त्याने उचलला तो शेतकऱ्याचा अंगरखा, रंग न दिलेल्या लोकरीचा, मेंढीच्या अंगावर असतो तसा करडा-तपकिरी. कातडी पट्टा टाकून दोरी बांधली. हात पसरले की तो अंगरखा क्रूसासारखा दिसतो. १२२३ च्या त्याच्या नियमावलीत आहे की कपडे हलक्या प्रतीचे असावेत आणि त्यांना गोणपाटाचं किंवा कसलंही ठिगळ लावायला हरकत नाही. त्याला जोडूनच तो बजावतो: मऊ, रंगीत कपडे घालणाऱ्यांना तुच्छ लेखू नका, त्यांचा न्याय करू नका, प्रत्येकाने स्वतःचाच न्याय करावा. त्याचा म्हणून जपलेला एक ठिगळांचा अंगरखा असिसीत आजही ठेवलेला आहे.

मग आज हा वेष इतका वेगळा का दिसतो? कारण जगाचे कपडे बदलत गेले आणि तो जागेवर राहिला. मी आत्याला म्हटलं, "तुझ्याकडेच बघ." रांगेत ती एकटी नऊवारीत होती. सकाळपासून दिल्लीकडच्या दोन मुलींनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला होता. आत्याच्या आईच्या काळी अख्खं गाव नऊवारीत होतं. तेव्हा तो फक्त कपडा होता. आता तोच वेष झाला आहे. आत्या हसली. तिला हे माझ्या सगळ्या इतिहासापेक्षा पटकन पटलं.

फ्रान्समध्ये १६३३ मध्ये स्थापन झालेल्या 'डॉटर्स ऑफ चॅरिटी'चंही असंच. व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी या बायकांना मठात कोंडलं नाही. गरिबांच्या घरी, रस्त्यावर पाठवलं आणि खेड्यातल्या बाईचे कपडे दिले. त्यात डोक्याला एक पांढरं फडकं होतं. खळ लावता लावता शतकांनी त्याचे दोन मोठे पंख झाले, पक्ष्याने उडायला घ्यावे तसे. दारातून जाताना सांभाळावे लागत. १९६४ मध्ये त्या बायकांनी ते उतरवलं. गरिबाचं फडकं भपक्याचं झालं की ते काढायचं असतं, हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं.

अंगावरचा एकेक भाग

आतला पायघोळ अंगरखा सगळ्यांचा जवळजवळ सारखा. त्यावर कमरेला पट्टा किंवा दोरी. काहींच्या खांद्यावरून पुढे-मागे पायापर्यंत लोंबणारी एक लांब पट्टी असते, तिला स्कॅप्युलर म्हणतात. ही मुळात काम करताना घालायचा ॲप्रन. बेनेडिक्टच्या नियमात ती 'कामासाठी' म्हणूनच येते. पुढे तिला ख्रिस्ताच्या जुवाचा अर्थ मिळाला. बैलाच्या मानेवर जू असतं तसं. गोव्यातले पुष्कळ कॅथलिक गळ्यात दोऱ्याला बांधलेले दोन छोटे तपकिरी कापडी तुकडे घालतात, ते 'बेंतीन' म्हणजे याच पट्टीचं संसारी माणसासाठी केलेलं लहान रूप. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीमाळ आठवा, म्हणजे बेंतीनची जागा लक्षात येईल.

दोरीचं मात्र मी सांगण्यापेक्षा जे घडलं ते सांगतो. दर्शन झाल्यावर आम्ही झाडाखाली बसलो होतो. मघाचा तो तपकिरी झग्यातला फ्राद शेजारीच पाणी पीत होता. आत्याने सरळ विचारलं, "बाळ, ही दोरी कसली?" त्याने दोरीचं लोंबतं टोक उचलून तिच्या हातात दिलं. पांढरी सुती दोरी, अंगठ्याएवढी जाड, आणि गाठींच्या जागी हात लागून लागून मळकट राखाडी झालेली. आत्याने चाचपून मोजल्या. तीन. "दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन," तो म्हणाला. त्याचं मराठी मिरजेकडचं होतं. "तिसरी सगळ्यात घट्ट आहे." आत्या त्या तिसऱ्या गाठीवरून बोट फिरवत राहिली. त्याच्या उजव्या बाहीला कोपरापाशी आतून बारीक टाक्यांनी ठिगळ लावलेलं होतं. रंग तंतोतंत जुळला नव्हता. मला ती बाही अजून आठवते.

डोक्यावरचं कापड, म्हणजे व्हेल, हे बायकांचं. मध्ययुगीन युरोपात लग्न झालेली बाई केस झाकत असे. ननने डोकं झाकलं म्हणजे 'माझं लग्न झालं आहे, ख्रिस्ताशी' असं जगाला सांगितलं. पुष्कळ जणींच्या बोटात अंगठीही असते. डोक्यावरचा पदर आणि मंगळसूत्र ज्यांनी पाहिलंय त्यांना याहून जास्त समजवायला नको.

माझी आई शेवटच्या आजारात पाच आठवडे इस्पितळात होती. तिथे रात्रपाळीला एक वयस्कर सिस्टर असत. एकदा पहाटे साडेचारला व्हरांड्यात मी त्यांना पाहिलं. बाहेर अंधार, आत दिवा, त्यामुळे खिडकीची काच आरशासारखी झालेली. त्या काचेत बघून त्या व्हेल बसवत होत्या. टाचण्या ओठात धरलेल्या. आधी कपाळावरची पांढरी पट्टी सारखी केली, मग कापडाला ओठ लावले, हळू काहीतरी पुटपुटल्या, मग ते डोक्यावर घेऊन दोन्ही बाजूंनी टाचण्या खोचल्या. जेमतेम मिनिटभर. नंतर कळलं की हॅबिटचा एकेक भाग घालताना म्हणायची छोटी प्रार्थना असते आणि कापडाचं चुंबन घ्यायची जुनी रीत आहे. आई देवघरातली समई लावण्याआधी तिला हात लावून कपाळाला लावायची. तेच होतं ते.

रंगांचा नकाशा जुन्या गोव्यात आहे

जुन्या गोव्यातल्या पडक्या-उभ्या वास्तू हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्यामधून चालताना एकेका व्रतस्थ संघाचा रंग मनात भरला की ती जागा निराळीच दिसायला लागते.

से कॅथेड्रलच्या पाठीला असिसीच्या फ्रान्सिसचं चर्च आहे. फ्रान्सिस्कन, म्हणजे त्याच्या संघाचे फ्राद, १५१७ मध्ये गोव्यात आले. त्यांचा करडा-तपकिरी आणि दोरी. त्यांच्यातूनच निघालेल्या एका शाखेने झग्याचा टोप मोठा, टोकदार ठेवला. इटालियनमध्ये टोपाला 'कापुच्चो', म्हणून ते कापुशिन. कापुचिनो कॉफीला नाव मिळालं ते यांच्या झग्याच्या रंगावरून. डोमिनिकन १५४८ मध्ये आले: आत पांढरं, वर काळा झगा. कार्मेलाइट सतराव्या शतकात आले: तपकिरीवर पांढरा झगा.

माँती दी सांतू टेकडीवर जा. ४६ मीटर उंचीचा जो एकच मनोरा उभा आहे, तो ऑगस्टिनियनांच्या चर्चचा. हे १५७२ मध्ये आले. यांचा झगा काळा, कमरेला कातडी पट्टा. समोरच सांता मोनिका: १६०६ मध्ये आर्चबिशप मेनेझेसने स्थापन केलेला नन्सचा मठ, जाड भिंतींचा, जाळीआडून बोलायचा. इथल्या नन्सही ऑगस्टिनियन, म्हणून काळ्यातल्या.

आणि बॉम जेझूस चर्चच्या जेझुइट संघाचा रंग? त्यांना स्वतःचा वेषच नाही. संस्थापक इग्नेशियस लोयोलाने ठरवलं होतं की कपडे नीटनेटके, त्या भागातल्या रीतीला धरून आणि दारिद्र्याला शोभणारे असावेत, बस्स. म्हणजे ज्या संतासाठी लाखो लोक रांगा लावतात, त्याच्या संघाचा हॅबिट नव्हता. जपानमध्ये फाटक्या वेषाला कुणी विचारत नाही हे बघून १५५१ मध्ये यामागुचीच्या सरदाराकडे झेवियर उंची कपड्यांत राजदूत म्हणून गेला होता.

हे सगळे रंग एकदा गोव्यातून नाहीसे झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये मठ बंद करायचा कायदा झाला, १८३५ मध्ये तो गोव्यात लागू झाला. फ्रादांना झगे उतरवावे लागले. ऑगस्टिनियनांचं चर्च ओस पडलं. १८४२ मध्ये त्याचं छप्पर कोसळलं. सांता मोनिकामध्ये असलेल्या नन्सना राहू दिलं, पण नवीन कुणाला घ्यायला बंदी. एकेक म्हातारी होऊन गेली. शेवटची १८८५ मध्ये वारली. एवढ्या मोठ्या मठात शेवटी एक काळा झगा उरला असेल, हे मनात आलं की त्या जिन्यावर पाय अडखळतो. आज तिथेच 'मातेर देई' संस्थेत निरनिराळ्या संघांच्या सिस्टर धर्मशास्त्र शिकतात.

वेष मिळतो कधी

मागितला आणि मिळाला असं होत नाही. आधी काही काळ नुसतं येऊन राहायचं. मग उमेदवारीचं किमान एक वर्ष. चर्चच्या कायद्याप्रमाणे सतरा पूर्ण झाल्याशिवाय उमेदवारी नाही, अठराच्या आत व्रत नाही, एकवीसच्या आत कायमचं व्रत नाही. पहिलं व्रत ठरावीक मुदतीचं असतं. निदान तीन वर्षं तसं काढल्यावर कायमचं. तोपर्यंत निघून जायची वाट उघडी. पुष्कळ संघांत उमेदवार मुलीची व्हेल पांढरी आणि व्रत घेतल्यावर काळी असते.

जुन्या रीतीत वेषाबरोबर नावही नवं मिळे, आपल्याकडे संन्यासदीक्षेत मिळतं तसं. गोव्यातलं उदाहरण आहे. पिएर बेर्तेलो हा फ्रेंच दर्यावर्दी पोर्तुगिजांच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होता, नकाशे काढायचा. १६३० च्या दशकात त्याने गोव्यात कार्मेलाइटांचा तपकिरी झगा घेतला आणि तो ब्रदर डायनिशियस झाला. १६३८ मध्ये सुमात्रातल्या आचेमध्ये तो मारला गेला.

साडीतली मादर कमी मादर का?

झगा जाऊन साडी आली आणि जुनी शान गेली, असं हळहळणारे भेटतात. मला हे पटत नाही. वर सांगितलेलं आठवा: त्या मुलखात जे मिळतं, स्वस्तात पडतं ते घालावं. या देशात गरीब बाईचं वस्त्र साडी आहे. तेव्हा साडी नेसणारी मादर ही बेनेडिक्टच्या आणि फ्रान्सिसच्या शब्दाच्या अधिक जवळ आहे.

मदर तेरेसांनी लोरेटो संघाचा काळा झगा उतरवून १७ ऑगस्ट १९४८ रोजी निळ्या काठाची पांढरी साडी नेसली. डाव्या खांद्यावर टाचलेला छोटा क्रूस, एवढीच खूण. निळा रंग येशूच्या आईचा, मारियेचा, आपल्या गोव्याच्या सायबिणीचा. त्यांच्या संघाच्या साड्या कोलकात्याजवळ टिटागढला कुष्ठरोगातून उठलेली माणसं हातमागावर विणतात. उमेदवार मुलींच्या साडीला काठ नसतो. हा निळा काठ २०१६ मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदला गेला. दारिद्र्याच्या कपड्याला ट्रेडमार्क कशाला, असं मला आधी वाटलं होतं. पण त्या काठाचा विश्वास दाखवून दुसऱ्याने पैसे गोळा करू नयेत म्हणून तो हवाच.

रोमनेही हे मान्य केलेलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये सांगितलं की वेष साधा, गरीब, शोभेसा असावा, आरोग्याला बाधू नये, काळाला, जागेला आणि कामाला जुळावा. नसेल तर बदलावा. १९८३ च्या कायद्याच्या ६६९ व्या कलमात वेषाची दोनच कारणं दिली आहेत: समर्पणाची खूण आणि दारिद्र्याची साक्ष. कापड कुठलं, रंग कुठला हे ज्या त्या संघाने ठरवायचं. सलवार-कमीजमधली ती सिस्टरही यात बसते.

आपल्या मातीत हे फार आधी झालंय. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबेर्तो दे नोबिली या जेझुइटाने मदुराईत भगवी वस्त्रं आणि पादुका घेतल्या आणि त्यावरून मोठा वाद पेटला. आणि बाणावलीचे जुझे वाझ, २०१५ मध्ये संत म्हणून जाहीर झालेले, १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले ते हमालाच्या, भिकाऱ्याच्या वेषात, कारण तिथल्या डच सत्तेने कॅथलिक पाद्रींना बंदी केली होती.

"बाईला झाकून ठेवायचाच हा प्रकार ना?"

हा प्रश्न माझ्या मुलीने विचारला. तो रास्त आहे. युरोपात हुंडा परवडत नाही म्हणून मुलीला मठात टाकणारी घराणी होती. त्या मुलींच्या डोक्यावरचं कापड म्हणजे तुरुंगच होता. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. म्हणून तर आजच्या कायद्यात वयाची अट आहे आणि जबरदस्तीने दिलेला प्रवेश मुळातच बाद ठरतो.

पण दोन गोष्टी मी तिला दाखवल्या. अंगभर झगा पुरुषांनाही आहे, टोपासकट. आणि इस्पितळातल्या सिस्टरना मी न राहवून विचारलं होतं, उकडत नाही का, कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, "उकडतं की. पण एकोणिसाव्या वर्षी एकदाच ठरवलं काय घालायचं. त्यानंतर आरशासमोर माझा वेळ गेला नाही. तो वेळ तुमच्या आईंना देता येतो." व्हेल फक्त बायकांनाच का, याचं उत्तर मला अजून पूर्ण पटलेलं नाही. मुलीलाही नाही.

"याच झग्यांच्या काळात आमची देवळं पडली"

हेही खरं आहे, आणि ते टाळून वेषाचं सौंदर्य सांगणं मला जमणार नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेस, साष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेशी कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून फोंड्यात आणावी लागली, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं ते मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत होतं. त्यात भरडले गेले त्यांत नव्याने ख्रिस्ती झालेले गोंयकार पुष्कळ होते.

त्या न्यायालयाचाही एक कपडा होता: 'साम्बेनितो'. दोषी ठरवलेल्याला तो घालून मिरवत. खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारा, क्रूस काढलेला, बहुधा पिवळा. घडण बघा: स्कॅप्युलरचीच. जी पट्टी कुणी आपणहून जू म्हणून खांद्यावर घेत होतं, तीच दुसऱ्याला लाज म्हणून घातली गेली. कपडा तोच, घालणारा हात वेगळा. फ्रान्सिसने 'दुसऱ्याचा न्याय करू नका' हे नेमकं कपड्यांच्या नियमातच का लिहिलं असेल, ते मला इथे कळलं.

ओळखू येण्याची किंमत

वेषाने माणूस साधू होत नाही, हे आपण भगव्याबद्दलही म्हणतो. खरंच आहे. पण वेष घातलेला माणूस लपू शकत नाही, हेही तितकंच खरं. बसमध्ये कुणी चक्कर येऊन पडलं की लोक सिस्टरकडेच बघतात. आणि हवा बदलली की बोटही तिच्याकडेच वळतं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपावरून अटक झाली. आठ दिवसांनी जामीन मिळाला. त्यानंतर 'प्रवासात साधे कपडे घालावेत का' ही चर्चा सुरू झाली. मी आमच्या ओळखीच्या एका सिस्टरना विचारलं. त्यांनी मडगावहून दिल्लीचं तिकीट काढलं होतं. त्या झग्यातच गेल्या.

बघायचं असेल तर

झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा रविवार) आधीच्या सोमवारी गोवा वेल्हा इथे फ्रान्सिस्कन संतांची मिरवणूक निघते. पिलारच्या टेकडीवर फ्रान्सिस्कनांनी १६१३ मध्ये बांधलेल्या मठापासून ही प्रथा चालत आली. माणसाएवढ्या मूर्ती, त्यांना खरे कापडी वेष आणि त्या खांद्यावरून गावात फिरतात. फ्रान्सिसने संसारी लोकांसाठीही एक शाखा काढली होती. तिचे आश्रयदाते म्हणजे फ्रान्सचा राजा नववा लुई आणि हंगेरीची एलिझाबेथ. लग्नाची माणसं, राजवाड्यातली, तरी फ्रान्सिसच्या गरिबीशी बांधून घेतलेली. त्या दिवशी लाल-पांढऱ्या पोशाखात जे दिसतात ते गावचेच गृहस्थ, कोन्फ्रारियेचे, म्हणजे चर्चच्या मंडळाचे, सभासद. त्यांचा तो 'ओपा-मुर्स', हॅबिट नव्हे.

दुपारीच जा. मूर्ती चर्चमध्ये असताना जवळून बघता येतात, संध्याकाळी गर्दीत काही दिसत नाही. या वर्षी आत्याला घेऊन गेलो. तिने चष्मा लावला आणि पहिल्या मूर्तीपासून प्रत्येकाच्या कमरेला दोरी शोधत, गाठी मोजत निघाली.